सगुणा कंडक्टरची सिंगल बेल

वहिनी गेल्याची बातमी गावाला आमच्याकडून कळली नाही, चौकातल्या फ्लेक्सवरून कळली. दादा स्मशानातून परत येईपर्यंत मंडळाच्या पोरांनी शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर तो बांधूनसुद्धा टाकला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हार घातलेली सगुणा कंडक्टर. खाकी साडी, खांद्याला चामडी बॅग, एक हात घंटीच्या दोरीवर आणि तोंडभर हसू... मोबाईलच्या गेममधली रंगवलेली बाई. आमची खरी वहिनी, सुनंदा, तिच्या पायाशी एका छोट्या गोलात होती, आणि तो फोटोही डोळे अर्धवट मिटलेला. दादाला घरात न्यायला मी कोपऱ्यापर्यंत गेले होते. तो तिथंच थांबला, वर बघत राहिला आणि मला म्हणाला, "शैला, ह्यांनी हार कुणाला घातलाय गं?" मला पोरांचा संताप आला, आणि त्यांचं नेमकं काय चुकलं हेही सांगता येईना. त्यांनी प्रेमानंच केलं होतं सगळं.

पुढचे दिवस भेटायला येणारा जो तो एकच म्हणत होता, काय धीराची बाई होती! मी मान हलवायचे आणि चहा टाकायला आत जायचे. पलीकडच्या गल्लीत रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला तरी घरातल्या झाडून सगळ्यांना फोन लावून "तुम्ही बरे आहात ना?" विचारणारी ही बाई. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत शेगडीसमोरून हलायची नाही, आणि खाली उतरवल्यावर गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा येऊन बघायची. दादाला यायला जरा उशीर झाला की उंबऱ्यात उभी. माझ्या नवऱ्याचं तर म्हणणं होतं की सुनंदावहिनी काळजी करायला विसरल्या तर त्याचीही त्यांना काळजी वाटेल. अशा बाईला लोक धीराची म्हणत होते, आणि मला तिथं हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं. म्हणून आता हे लिहायला बसले आहे.

ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगते. 'डबल बेल' नावाचा हा गेम. आपण ड्रायव्हर, आपली लाल बस, आणि मागं सगुणा कंडक्टर. रस्त्यात पूर येतो, दरड कोसळते, बिबट्या आडवा बसतो, ब्रेक लागत नाहीत. प्रवासी किंचाळायला लागले की सगुणा खदखदून हसते, "भितंय कोण? ही घ्या डबल!" म्हणते आणि दोनदा घंटी वाजवते. की बस त्या पुरातून नाहीतर दरडीवरून सुसाट सुटते. एवढंच. पण ह्या एका वाक्यानं आमचा जिल्हा वेडा केला. परीक्षेला निघालेली मुलं, मांडवात शिरणारा नवरदेव, दाढ काढायला खुर्चीत बसलेला माणूस, सगळे "ही घ्या डबल" म्हणायला लागले. तो आवाज माझ्या वहिनीचा.

वहिनी अक्कलकोटकडची. माहेरी घरात कानडी, बाहेर मराठी. लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा मी कॉलेजात होते, पण पहिल्या दिवसापासून ती मला 'वन्सं' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी म्हटलं, अगं, मी तुझ्याहून लहान, हे काय जुन्या बायकांसारखं! तर म्हणाली, "असू द्या की वन्सं. नणंदेला धाकात ठेवायचं तर मान द्यावा लागतो." अशी फिरकी घेणारी. पुढं ती एका शाळेत क्लार्क म्हणून लागली आणि लाउडस्पीकरवरच्या सूचना तिच्याकडं आल्या. "ज्या कुणाचा डबा तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत आहे, त्यानं तो न्यावा, माकड येऊन गेलंय आणि भाजी त्याला आवडलेली नाही," असल्या सूचना. वर्गावर्गांतून हसण्याची लाट उठायची. आणि तीच वहिनी कधी कधी घरी येऊन न बोलता भिंतीला टेकून बसायची. हात गार, कपाळावर घाम, छातीत धडधड. आमच्या घरात ह्याला पित्त म्हणायचे. सोलापूरच्या उन्हात कशालाही पित्त म्हणता येतं. मग कोकम सरबत, धन्या-जिऱ्याचं पाणी, डोक्यावर ओलं फडकं. आई मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची, आणि ती तडतडली की समाधानानं म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट होती." वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या पित्तावर इलाज केले आणि तिनं ते निमूट करून घेतले.

एकदा आम्ही दोघी तिच्या आईला भेटायला अक्कलकोटला निघालो होतो. बस गावाबाहेर पडून एमआयडीसीपाशी आली असेल नसेल, वहिनीनं माझं मनगट धरलं. "वन्सं, मला उतरायचंय." मला वाटलं, मळमळतंय. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. भरल्या बसमध्ये तिला श्वास पुरेना, आणि आपण आत्ता, ह्याच सीटवर मरणार अशी तिची खात्रीच झाली होती. कंडक्टर बाई होती, चांगली दणकट, पान खाऊन ओठ रंगलेली. तिनं वहिनीकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता सिंगल बेल दिली. बस थांबली. टॉवेलच्या कारखान्यांची पाळी सुटलेली, कामगार सायकलींवरून घरी निघालेले. वहिनीला एका कट्ट्यावर बसवून मी समोरच्या टपरीवर लिंबू सरबत मिळतंय का बघायला धावले. परत आले तर ती कंडक्टर वहिनीसमोर उकिडवी बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि वहिनी मान हलवत होती. बसमधून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चला की! किती येळ?" कंडक्टरनं मानसुद्धा वळवली नाही. "बसा की गप! बस काय पळून जातीय व्हय?" थोड्या वेळानं वहिनी आपली आपण उठली, बसमध्ये चढली, आणि त्या बाईनं डबल दिली. घरी आल्यावर वहिनीनं तिचा आवाज काढून दाखवला, तो पानाचा तोबरा, तो ठसका, सगळं हुबेहूब. आम्ही पोट धरून हसलो. ती बाई तुला काय सांगत होती गं, म्हणून मी नंतर कितीदा तरी विचारलं, पण वहिनी दर वेळी विषय बदलायची.

अनिकेत मूळचा जेऊरचा. मामाकडं राहून वहिनीच्या शाळेत शिकला, पुण्याला गेला आणि मित्रांबरोबर गेम बनवायला लागला. त्याला कंडक्टरबाईसाठी आवाज हवा होता, आणि डोळ्यांसमोर, किंवा कानांसमोर म्हणा, आला तो शाळेतला लाउडस्पीकर. पुण्याच्या स्टुडिओत यायला वहिनी तयार होणार नाही हे उघडच होतं. तेव्हा त्यानं दादाच्या मधल्या खोलीतच सोय केली. चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि आमच्या, शेजारच्या, माझ्या घरच्या अशा मिळतील तेवढ्या सोलापुरी चादरी त्यांवर टाकल्या. जाड चादरीतून बाहेरचा आवाज आत येत नाही, असं त्याचं म्हणणं. पंखा बंद, बाहेर मे महिना. वहिनी थरथरत त्या चादरींच्या खोपटात शिरली, आणि क्षणभरानं आतून जो आवाज आला त्यानं दादाच्या हातातला कप हिंदकळला. बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती आणि इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती. "वन्सं, आत कुणी बघत नाही हो," ती म्हणाली. "आपण आपल्याला सुटी दिल्यासारखं वाटतं."

गेम चालला, आणि चादरीबाहेर सगळे बघायला लागले. शाळांची गॅदरिंगं, गणपतीची मंडळं, महिला दिन, दुकानांची उद्घाटनं. खाकी साडी आली, बॅग आली. वहिनीला नाही म्हणता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. पोरं तिच्याकडं बघून उड्या मारायची तेव्हा तिचा चेहरा फुलायचा. पण त्याआधीचा सगळा दिवस उलट्यांचा. मी तिची सोबतीण. पर्समध्ये लिंबू, पाण्याची बाटली, वेलदोडे, आणि डोक्यात एकच, की आज हिला स्टेजवरच काही झालं तर काय सांगायचं? एका गॅदरिंगला पडद्यामागं तिचे पाय खरंच हलेनात. कार्यक्रमाच्या बाईंनी ते पाहिलं आणि उत्साहानं माईक घेऊन म्हणाल्या, "मुलांनो, सगुणा काकूंना भीती वाटतेय बरं का! आपण त्यांना काय म्हणायचं?" सगळं मैदान ओरडलं, "भितंय कोण?" आणि वहिनी, जणू तेच ठरलेलं होतं अशी, हसत पडद्याबाहेर गेली. टाळ्यांवर टाळ्या. मी बाजूला उभी होते म्हणून मला तिच्या साडीच्या निऱ्या थरथरताना दिसत होत्या.

परत येताना रिक्षात तिला बसमधल्यासारखाच जोराचा झटका आला. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती नुसतं "पाणी... पाणी" म्हणत होती. तेवढ्यानंच रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "आवाज वळखीचा वाटतोय. तुमी सगुणाबाई न्हाय का? म्हणा की एकदा, पोरीला ऐकवतो!" आणि एका हातानं मोबाईल मागं धरला. मी त्याला चार शब्द सुनावणार, तोवर वहिनी ताठ बसली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भितंय कोण? ही घ्या डबल!" शेवटी तिचं ते हसूसुद्धा आलं. रिक्षावाला खूश. मग ती माझ्याकडं वळली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वन्सं, मी मरणार नाही ना?"

त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. आमच्याकडं उन्हामुळं बायका तोंडाला स्कार्फ बांधतातच, त्यामुळं चेहऱ्याचा प्रश्न नव्हता, लपवायचा होता तो आवाज. बाहेरच्या बाकावर बसल्यापासून तिनं तोंड उघडलं नाही. नाव, वय, त्रास, सगळं मीच सांगितलं. शेजारी एक तरुण बाई वेळ घालवायला मोबाईल काढून बसली होती, आणि एकदम तिच्या हातातून वहिनीचाच आवाज खदखदून हसला, "भितंय कोण?" वहिनीनं माझा हात असा दाबला की नखं रुतली. ती बाई गेम खेळत होती, आणि तिचेही डोळे रडून सुजलेले होते. डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ह्या त्रासाला नाव आहे, औषध आहे, असं सांगितलं, आणि आधी काय काय केलंत विचारलं. मी पित्ताची सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. गोळ्यांनी आणि दर पंधरवड्याच्या बोलण्यानं तिला खरंच उतार पडला. दादा मात्र आधी भडकला. "लोकांना कळलं तर? सगुणा कंडक्टर वेडी झाली म्हणतील!" वहिनी शांतपणे म्हणाली, "सगुणाला काही झालेलं नाही हो. मला झालंय."  मग तोच सायकल काढून पेठेबाहेरच्या दुकानातून तिच्या गोळ्या आणायला लागला.

दुसऱ्या भागाच्या वेळी अनिकेत पुन्हा आला, पुन्हा चादरी टांगल्या गेल्या. ह्या वेळी मोठा घाट होता, धुकं होतं, वळणावर वळणं. वहिनीनं सगळी वाक्यं वाचली आणि कागद बाजूला ठेवला. "अनिकेत, ह्यात एका ठिकाणी सगुणा घाबरायला हवी."

तो हसला. त्याला वाटलं, मॅडम गंमत करतायत. मग म्हणाला, "मॅडम, ती घाबरली तर मग राहिलं काय? लोकांना सगुणा आवडते ती त्यासाठीच की. त्यांना वाटतं, आपल्याला भ्या वाटलं तरी एक बाई अशी हाय..."

"अरे, लोकांचं राहू दे. आता मीच तिला घाबरायला लागलेय. रोज सकाळी उठले की ती माझ्या आधी उठून तयार असते."

आणि मग तिनं ते सांगितलं, जे मला कधी सांगितलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या त्या कट्ट्यावर ती पान खाल्लेली कंडक्टर तिच्यासमोर बसून काय म्हणाली ते. त्याच आवाजात, पण हळू. "मला बी व्हतंय असं, बाई. घाटात गाडी वळली की जीव जातुय का काय वाटतंय. मग मी सिंगल मारते. म्हणते, टायर बगा जरा. डायवरला ठावं हाय, टायरला काय झालेलं न्हाय. त्यो खाली उतरून बिडी वडतो. जरा येळानं मीच डबल देते. कुनी इचारत न्हाय, मी सांगत न्हाय." वहिनी थांबली. मग आपल्या आवाजात म्हणाली, "तिचा आवाज मी उचलला, ठसका उचलला, हसणं उचललं. हे एवढं मात्र तिथंच ठेवून आले. अर्धीच बाई आणली मी. ते आत घाला, नाहीतर मी बाकीचंही बोलणार नाही."

 वहिनी कुणाला अशी अट घालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. अनिकेतनं मशीन सुरू केलं. ती चादरीत शिरली, पण ह्या वेळी पुढची चादर तिनं वर टाकून ठेवली, आम्हाला ती दिसत होती. घंटी एकदाच वाजली. "थांब जरा, डायवर. मला भ्या वाटतंय. कशाचं ते इचारू नगंस. नुस्ता थांब." आणि मग ती काहीच बोलली नाही. नुसती बसून श्वास घेत राहिली, आत, बाहेर, आत...  हे सोंग आहे की खराच झटका आलाय? उठू का, पाणी देऊ का, का थांबू? दादा अर्धा उठला होता, मी त्याचा सदरा धरला. अखेर तिनं मान वर केली. "हां. आता बरं हाय." आणि डबल. अनिकेतनं मशीन बंद केलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो एवढंच म्हणाला, "बघतो, मॅडम. कंपनीत आता मी एकटा न्हाय. वरच्यांशी बोलावं लागेल."

त्यानंतर काही महिन्यांतच तिचं दुखणं निघालं, पोटातलं, आणि निघालं तेव्हाच उशीर झाला होता. मला वाटलं होतं, खरं संकट समोर आल्यावर ती धीट होईल, असं होतं म्हणतात काही माणसांचं. तसं काही झालं नाही. ती घाबरली, रोज घाबरली. फरक एवढाच की आता ते मोकळेपणानं सांगायची. सुई घेऊन नर्स आली की म्हणायची, "थांबा जरा. मला भीती वाटतेय." एका नव्या नर्सनं कौतुकानं डायलॉग म्हणायला सांगितला, तर म्हणाली, "आज सिंगल आहे हो." मी त्या मुलीला बाहेर नेऊन काय ते सांगितलं, तशी ती परत आत जाऊन खुर्ची ओढून वहिनीजवळ बसली. वहिनीची म्हातारी आई फोनवरून कानडीत "अंजब्याड, अंजब्याड" म्हणायची, भिऊ नको, भिऊ नको. वहिनी म्हणायची, "भिऊ दे की गं आई, जरा." आणि माझ्याकडं बघून रोजचा एकच प्रश्न, "अनिकेतचा फोन आला का? ठेवली का त्यांनी सिंगल?" मी म्हणायचे, ठेवतील. अनिकेत मला आत्या म्हणायचा, तो फोनवर "चाललंय, आत्या, चाललंय" एवढंच म्हणत होता, आणि त्याच्या सुरावरून मला कळत होतं की काहीच चाललेलं नाही. शेवटच्या दिवशीही तिनं विचारलं. शेवटच्या दिवशीही मी तेच उत्तर दिलं.

तेरावं झाल्यावर थोड्या दिवसांनी अनिकेत आला. वहिनीच्या फोटोसमोर बसून आधी मनसोक्त रडला. मग लॅपटॉप उघडला आणि खाली बघत बोलायला लागला. वरच्यांचं म्हणणं असं होतं की वहिनीचा आवाज त्यांच्याकडं भरपूर साठलाय, त्यावरून यंत्र आता तिच्या आवाजात कुठलंही वाक्य बोलू शकतं. तिसरा भाग, चौथा भाग, हवे तेवढे. दादानं होकार दिला की झालं. आणि तो घाबरण्याचा प्रसंग काढून टाकायचा. "आता मॅडम नाहीत म्हटल्यावर लोकांना सगुणा भ्यालेली बघवायची नाही, असं ते म्हणतात." मी नाही म्हणणारच होते, पण थांबले ती दादाचा चेहरा बघून. तो उजळला होता. "म्हणजे ती बोलत राहील?"  रिकाम्या घरात दिवसभर भिंतीकडं बघत बसतो तो. तो हो म्हणाला असता तर मला तोंड उघडायला जागा नव्हती, आणि वहिनी मरणाच्या दारात जे मागत होती तेवढंच नेमकं पुसलं गेलं असतं, तिच्याच आवाजानं.

अनिकेतनं नमुना ऐकवला. तिनं कधीच न म्हटलेलं वाक्य. "सगुणा कुठं जातीय? हितंच हाय की! ही घ्या डबल!" तोच ठसका, तेच हसू. दादानं डोळे मिटले. "परत लाव." त्यानं परत लावलं. "परत." मी स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक चावत उभी. मग दादाच्या कपाळावर आठी आली. "अनिकेत, ही श्वास कधी घेते रे?"

अनिकेतनं लॅपटॉपचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "काका, मॅडमच्या प्रत्येक वाक्याच्या आधीचा श्वास थरथरायचा. ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं. म्हणून मी पुण्याला बसून एकूण एक काढून टाकायचो. कुणाला बोललो न्हाय, मॅडमलासुद्धा. यंत्राला मी तेच साफ केलेलं दिलंय. त्याला तिचा श्वास ठावंच न्हाय."

"मग ही ती नाही," दादा म्हणाला. मोठ्यानं नाही, नुसतं हिशेब कळल्यासारखं. "एवढी वर्षं शेजारी झोपलोय, मला माहीत आहे ना तिचा श्वास. ह्या बाईला माझी परवानगी नाही. घ्यायची असेल तर ती घाबरलेली घ्या, जशी आहे तशी. तीच शेवटची, पुढचे भाग नाहीत." अनिकेतनं मान हलवली, लॅपटॉप मिटला आणि भांडायला पुण्याला गेला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोन वाजला की छातीत धस्स, नाही वाजला तरी धस्स. मी शिकवते त्या शाळेत भूगोलाचा तास घेता घेता मी मध्येच थांबायचे. वहिनी आयुष्यभर अशीच जगली असेल, असं मनात आलं आणि मी तशीच खडू हातात धरून उभी राहिले. शेवटी एका दुपारी त्याचा फोन आला. "आत्या, ठेवली." 

गेल्या आठवड्यात दुसरा भाग आला. दादानं जन्मात कधी गेम खेळला नव्हता. मला बोलावून घेतलं, मोबाईलवर तो टाकायला लावला आणि पुढच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसला. त्याचं ड्रायव्हिंग काय वर्णावं? झाडावर आपटला, म्हशीवर आपटला, एका टपरीत बस घातली, आणि दर वेळी सगुणा त्याला हसली. मी म्हटलं, दादा, वहिनीनं हे बघितलं असतं तर बसमध्ये पायच ठेवला नसता. कसाबसा घाट लागला. धुकं आलं, एक वळण, दुसरं वळण, आणि घंटी एकदाच वाजली. बस आपली आपण थांबली. "थांब जरा, डायवर. मला भ्या वाटतंय..." मग शब्द नाहीत, नुसता श्वास, आत, बाहेर, थरथरता, एकही न कापलेला. अनिकेतनं तिथं असं करून ठेवलंय की आपण बटण दाबेपर्यंत सगुणा तशीच बसून श्वास घेत राहते. बटण दाबलं की ती डबल देते आणि गाडी पुढं सुटते. दादा दोन्ही हातांत मोबाईल धरून बसून राहिला. बटण चमकत होतं. बसच्या मागं घाटात एक टेम्पो येऊन थांबला, मग जीप, मग ट्रक, सगळे हॉर्न द्यायला लागले. मला राहवेना. म्हटलं, "दादा, दाब की आता. मागं केवढ्या गाड्या खोळंबल्यात."

"खोळंबू देत," तो म्हणाला, आणि मोबाईल तसाच चार्जरला लावून ठेवला.